ना चेहरा, ना आडनाव : चॅटवरच्या अनोळखी माणसाबद्दल पहिलं मत कशावरून बनतं?

चौथी सीट

रेल्वेत शेजारी बसलेल्या दोन अनोळखी मराठी माणसांचं बोलणं कधी कान देऊन ऐका. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला 'मूळचे कुठले?' येतं आणि त्याच्या मागोमाग आडनाव. तेवढं कळलं की समोरच्याचा निम्मा हिशेब मनात मांडून होतो. उरलेला निम्मा चेहरा, कपडे आणि पायातल्या चपलांनी आधीच केलेला असतो. हे बरं की वाईट ते बाजूला ठेवू, पण होतं खरं.

चॅटवर यातलं काहीच हाताशी नसतं. एक टोपणनाव आणि फार तर एक डीपी, तोही सूर्यास्ताचा नाहीतर गणपतीचा. तरी पाच-सात ओळींत आपण ठरवून मोकळे होतो : 'माणूस सरळ दिसतोय', 'बाई आगाऊ आहे', 'हा नक्की पुण्याचा'.

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. बरेच मालक परगावी राहतात, त्यांची तोंडं कुणी पाहिलेली नाहीत. त्यातले एक गृहस्थ प्रत्येक निरोप 'ठीक.' किंवा 'मान्य.' असा पूर्णविराम देऊन संपवतात. ग्रुपबाहेर त्यांचं नाव 'हेडमास्तर' पडलंय. आजवर त्यांनी कुणाला एक वावगा शब्द लिहिलेला नाही. काय तो पूर्णविराम, तेवढाच.

तुमचं मत कशावरून बनतं? अनुभव लिहा. उपदेश नको, तो सकाळी सात वाजता फुलांच्या चित्रासकट मिळतोच.

---

ताकभात

चांगला विषय. तुमच्या हेडमास्तरांच्या पूर्णविरामावर खरोखरच संशोधन झालंय. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले. त्यात एकाशब्दी उत्तरं होती, काहींच्या पुढे पूर्णविराम, काहींच्या पुढे नाही. फोनवरचा निरोप म्हणून दाखवलेल्या उत्तरांत पूर्णविरामवालं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा काहीच फरक पडला नाही. २०१५च्या अखेरीस याच्या बातम्या बऱ्याच गाजल्या होत्या.

पण ते सगळे कॉलेजातले विद्यार्थी. तुमचे गृहस्थ साठीचे असतील तर पूर्णविराम न देणं हेच त्यांना असभ्य वाटत असेल.

---

मोडेम

याहू चॅटचा जमाना आठवला. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं, पण आमच्या हाताला ते लागलं २००० च्या आसपास, सायबर कॅफेतल्या प्लायवूडच्या खुराड्यात. रूममध्ये शिरलं की पहिला निरोप 'एएसएल?' म्हणजे वय, बाई की पुरुष, आणि गाव. म्हणजे चौथी सीट यांचे गाडीतले प्रश्नच, फक्त आडनावाच्या जागी वय. आणि उत्तरं बहुतेक थापा. तेव्हा जो तो एकवीस वर्षांचा असायचा.

थापा असणार हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मत बनायचं ते बाकीच्या गोष्टींवरून. जांभळ्या, जाड, मोठ्या अक्षरांत लिहिणारा नवखा. उत्तर यायला दहा सेकंद उशीर झाला की 'बझ' मारून खिडकी हलवणारा उतावळा, त्याच्याशी फार वेळ कुणी बोलत नसे. सगळं लहान लिपीत, एका रंगात, वाक्य तोडून तोडून पाठवणारा म्हणजे रोजचा. रोजच्यांना मान असायचा.

डिसेंबर २०१२ मध्ये याहूने चॅटरूम बंद केल्या, मेसेंजर १७ जुलै २०१८ ला गेला. तेव्हाची एक सोय मात्र परत आली नाही. पहिलं मत वाईट झालं तरी बिघडत नसे, दुसऱ्या दिवशी नवा आयडी काढून त्याच रूममध्ये त्याच माणसांना 'हाय' करता यायचं.

---

खडूसिंग

>> दुसऱ्या दिवशी नवा आयडी काढून

ही सोय इथे अजून आहे. डुआयडींची (एकाच माणसाच्या डुप्लिकेट आयडींची) यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का? ;-)

---

पंचगंगा

मी कोल्हापूरची. आमच्याकडं मुलीसुद्धा 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात, घरात आणि मैत्रिणींत तर सर्रास. इंग्रजीत चॅट करणारं माणूस बाई की पुरुष हे कळायला वेळ लागतो, मराठीत पहिल्या क्रियापदालाच कळतं. कळतं असं लोकांना वाटतं.

एका ट्रेकिंग ग्रुपवर मी 'मीपण येतो की' असं लिहिलं. डीपीला किल्ला. झालं, मंडळींनी मला पुरुष धरलं. 'भावा, तुझ्याकडं दोर आहे का?' 'भावा, तू शेवटी थांब, बायकांना पुढं सोडू.' 'भावा, पावसात कुठली वाट घ्यावी?' मला आधी कळलंच नाही, आमच्यात 'भावा' कुणालाही म्हणतात. पहाटे स्टँडवर गेलो तर सगळे भावाची वाट बघत उभे, आणि मी त्यांच्यासमोर सॅक घेऊन.

गंमत पुढं आहे. त्याआधी ग्रुपवर मला वाट, दोर, पाण्याची टाकी असलं विचारायचे. त्या ट्रेकनंतर 'ताई, डब्याचं कसं करूया?' माणूस तोच, मेसेज तसेच, ज्ञान तेवढंच.

---

ठेचा नागपुरी

पंचगंगा, कडक!
आम्ही 'करून राहिलो' लिहिलं की पुढचा थेट सावजी मटणावर येतो. मी शाकाहारी आहो न बाप्पा.

---

खडूसिंग

माझी कसोटी सोपी आहे. 'आनि', 'पन', 'पानी' असं लिहिणाऱ्याला मी उत्तर देत नाही. दोन ओळी नीट लिहायचे कष्ट जो घेत नाही, तो माझं म्हणणं नीट वाचायचे कष्ट तरी कशाला घेईल? याला कोणी शिष्टपणा म्हणेल, म्हणो.

---

बांधावरून

शिष्टपणाच आहे, आणि तुम्हीच म्हणालात ते बरं झालं.

ही कसोटी कष्टाची नाही, घराची आणि शाळेची आहे. आमच्या बोलीत न आणि ण वेगळे ऐकूच येत नाहीत. जे कानाला नाही ते बोटात कुठून येणार? चौथी सीट म्हणतात चॅटवर आडनाव नसतं. कसं नसतं? तुम्ही ते 'पानी'मध्ये वाचता.

एक उदाहरण देतो. आमचा द्राक्षबागायतदारांचा ग्रुप आहे, तीन जिल्ह्यांतले लोक, निम्म्यांना मी पाहिलेलं नाही. एकाने पानाचा फोटो टाकला, त्यावर दुसऱ्याचं उत्तर जसंच्या तसं :

'डावनीच हाये. पान उलटं करून बगा खालून पांडरं दिसल. आज रातच्याला पाउस नसल तर सकाळी मारा नायतर पैसे पान्यात'

रोग, तो ओळखायची खूण, फवारणीची वेळ आणि खर्चाचा इशारा, सगळं दीड ओळीत. त्याच फोटोवर एका शिकलेल्या साहेबांनी चार परिच्छेद शुद्ध मराठी लिहिलं आणि शेवटी 'स्थानिक तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा'. आम्ही पहिल्याचं ऐकतो. तो कोण, कुठला, विचारलेलं नाही.

---

खडूसिंग

बोलीला माझा विरोध नाही, तुमच्या द्राक्षवाल्याला मीही मान देईन. बोली वेगळी आणि आळस वेगळा. मी म्हणतो ते शहरात इंग्रजी शाळेत शिकून 'मला हेय म्हणायचा आहे' लिहिणाऱ्यांबद्दल.

---

बांधावरून

पहिल्या ओळीत तुम्हाला बोली कुठली आणि आळस कुठला हे कळतं?

---

सुधामती

भांडू नका, तिसरंही एक कारण असतं. माझ्या सासूबाई फोनवर बोलून टाइप करतात. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, मध्येच 'अगं गॅस बंद कर' हेही त्यात उमटतं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर नवीन आलेल्या एका बाईंना वाटलं, ह्या भ्रमिष्ट आहेत. सासूबाई गणिताच्या शिक्षिका होत्या.

---

चौथी सीट

बांधावरून, मुद्दा पटला. त्याला जोडून सांगतो. आडनाव आता तसंही लपत नाही. नंबर हातात आला की लोक तो यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकतात, बँकेतलं पूर्ण नाव समोर. पैसे पाठवायचे नसतातच. आमच्या ग्रुपवरच्या एका ताईंनी बिल्डरच्या माणसाचं नाव असंच काढलं आणि त्यानंतर त्याच्याशी बोलण्याचा सूर बदलला. निरोपात नवीन काहीच नव्हतं.

---

मनोव्यापार

मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

सॉलोमन अ‍ॅश यांचा १९४६ सालचा प्रयोग या धाग्याला फार जवळचा आहे. त्यांनी माणूस दाखवलाच नाही. फक्त गुणांची यादी वाचून दाखवली : हुशार, कुशल, कष्टाळू, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला तीच यादी, फक्त 'प्रेमळ'च्या जागी 'थंड'. मग विचारलं, हा माणूस उदार असेल का? पहिल्या गटातले ९१ टक्के हो म्हणाले, दुसऱ्यातले जेमतेम ८ टक्के. एका शब्दाने अख्खा माणूस बदलला. त्याच जागी 'सभ्य' आणि 'फटकळ' घालून पाहिलं तर एवढा फरक पडला नाही. म्हणजे सगळे गुण सारखे वजनदार नसतात. माणूस आपल्याशी मायेने वागेल की नाही, हे आपण आधी हुंगतो.

याच अभ्यासात क्रमाचाही प्रयोग आहे. 'हुशार'पासून सुरू होऊन 'मत्सरी'वर संपणारी यादी आणि तीच उलटी. चांगल्यापासून सुरुवात झाली तर दोष खपून जातात, वाईटापासून झाली तर गुणही संशयास्पद ठरतात. चॅटमध्ये निरोप एकामागून एक येतात, त्यामुळे हे तिथे तंतोतंत लागू पडतं असं माझं मत आहे. पहिला निरोप 'कोण?' आणि दुसरा 'नमस्कार, माफ करा, नंबर सेव्ह नव्हता' असेल तर दुसरा मनापासून वाचलाच जात नाही.

चॅटबद्दल म्हणाल तर जोसेफ वॉल्थर यांचं नाव घ्यावं लागेल. चेहरा-आवाज नाही म्हणजे ओळख उथळच राहणार, असं आधी समजलं जायचं. १९९२ मध्ये त्यांनी म्हटलं की तसं नाही, ओळख तेवढीच खोल होऊ शकते, फक्त वेळ जास्त लागतो. पुढे १९९६ मध्ये त्यांनी आणखी पुढचं मांडलं : कधीकधी ती प्रत्यक्षापेक्षा जास्तच गोड होते. लिहिणारा स्वतःचं निवडक तेवढं दाखवतो, खोडून पुन्हा लिहितो. वाचणारा मधल्या रिकाम्या जागा स्वतःच्या आवडीने भरतो. आणि मग त्याच्या गोड वागण्याला समोरचाही गोडच उत्तर देतो, की मत पक्कं.

---

ताकभात

रिकाम्या जागा स्वतःच्या आवडीने भरतो. +१. आणि भीतीनेही.

---

दुसरा प्रश्न

मनोव्यापार यांनी लिहिलेलं मी गेलं वर्षभर जगतेय. घरचे विवाहस्थळं बघतायत. पत्रिका जुळली की मुलाचा नंबर येतो आणि कांदेपोह्यांच्या आधी 'थोडं चॅट करून बघा' असा नवा विधी आलाय. नमुना देते :

तो : हाय
मी : नमस्कार
तो : जेवलीस?
मी : साडेचार वाजलेत :-)
तो : हम्म
तो : सो टेल मी अबाउट युवरसेल्फ

'तुम्ही'वरून 'तू'वर न विचारता आलेला, त्यात मुलाखत इंग्रजीत. खरं तर बिचारा घाबरलेला असेल. पण मत झालं ते झालं.

आता मी एकच बघते. मी दिलेल्या उत्तरातून त्याचा पुढचा प्रश्न निघतो का? मी रक्तपेढीत काम करते. हे सांगितल्यावर बहुतेकांचं उत्तर 'ओह नाइस, हॉबीज?' एकाने विचारलं, 'रक्तपेढीत रात्रपाळी असते का? आणि दुर्मिळ गट लागला तर रात्री फोन कुणाला करता?' मी त्याला अर्धा तास लिहीत बसले. निगेटिव्ह गटांच्या दात्यांची यादी कशी ठेवतो, शिबिरं उन्हाळ्याच्या सुट्टीत कमी होतात तेव्हा काय करतो, सगळं. तोपर्यंत घरी कुणी हे विचारलं नव्हतं.

भेटलो तेव्हा तो जवळजवळ गप्प. मान खाली, चमच्याने पोहे सारखे करत बसला. आई म्हणाली, 'घुमा आहे.' आईचं पहिलं मत चेहऱ्यावरून, माझं अक्षरांवरून. दोघींची अजून जुंपलीये. पुढचं ठरलं की कळवते.

---

रंगीत खडू

कळवाच. वाट बघतोय.

---

मोडेम

आईंना म्हणावं, गप्प बसणाऱ्याचं बोलणं लेखी असतं, पुरावा राहतो. ह.घ्या. (हलके घ्या)

---

शंकासुर

इतकं हळवं होऊ नका मंडळी, दुसरी बाजूही लिहितो. पहिलं मत चांगलं व्हावं हा ज्यांचा धंदाच आहे, त्यांचं काय?

जुनी वॉशिंग मशीन विकायला एका अ‍ॅपवर टाकली होती. दहा मिनिटांत निरोप : 'जय हिंद सर.' डीपीला गणवेशातला फोटो. भाव केला नाही. मशीन चालते का, विचारलं नाही. 'मी सध्या ड्यूटीवर आहे, माझा माणूस येऊन घेऊन जाईल, पैसे आत्ता पाठवतो.' सोबत ओळखपत्राचा फोटो, मी न मागता. मग क्यूआर कोड, 'हा स्कॅन करा सर, पैसे तुमच्या खात्यात येतील.' मी तिथेच थांबलो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच नाही. पिन टाकला की आपले पैसे जातात. त्याचा नंबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवला.

मला विचार करायला लावलं ते त्याच्या पहिल्या दोन शब्दांनी. 'जय हिंद सर' वाचल्यावर माझी पाठ आपोआप ताठ झाली होती. त्याला माझं नाव-गाव काही माहीत नव्हतं, पण आपल्याकडे कुठल्या शब्दापुढे माणूस शंका काढत नाही, हे पक्कं माहीत होतं. अ‍ॅश यांच्या यादीतला तो 'प्रेमळ' शब्द या लोकांनी शोधून ठेवलाय. खऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला निरोप कसा असतो? 'लास्ट किती?' नमस्कार नाही, चमत्कार नाही. शेवटी मशीन त्यालाच दिली.

---

दुसरा प्रश्न

'लास्ट किती' :-D हे तर स्थळांनाही लागू आहे.

---

मनोव्यापार

हसण्यावारी चाललंय म्हणून एक आकडा देते. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली वगैरेंनी लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली, काही ईमेलने, काही आवाजातून. पाठवणाऱ्यांना खात्री होती की ७८ टक्के वेळा समोरच्याला सूर कळेल. आवाजातून कळला ७३ टक्के वेळा. ईमेलमधून ५६ टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडा बरा. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो, तो पलीकडे पोचत नाही हे लक्षातच येत नाही.

स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ ला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकफलकावर विनोदासाठी :-) ही खूण सुचवली, ती याच अडचणीपायी. आपल्याकडे तिचं काम 'ह.घ्या.' करतं.

---

शिरस्तेदार

नमस्कार. मी या ठिकाणी नवीन सदस्य आहे. वरील चर्चेच्या अनुषंगाने माझे मत पुढीलप्रमाणे आहे.
१) चॅटवरील प्रथम मत हे प्रामुख्याने भाषेवर अवलंबून असते.
२) तथापि भाषेवरून काढलेला निष्कर्ष हा तात्पुरता समजण्यात यावा.
३) उत्तरास लागणारा कालावधी हादेखील विचारात घेण्याजोगा घटक आहे.
आपणा सर्वांचे विचार उद्बोधक आहेत.

---

रंगीत खडू

बॉट आला रे.

---

खडूसिंग

एकही चूक नाही, आकडे घातलेत, सगळ्यांना 'उद्बोधक' म्हटलंय. एआय आहे. काय दिवस आले, शुद्ध मराठी दिसली की मलाच संशय येतो.

---

बांधावरून

आता कळलं 'पानी' लिहिणाऱ्याला कसं वाटतं ते? शिरस्तेदार, असाल तर उत्तर द्या.

---

ताकभात

उत्तर दिलं म्हणून माणूस ठरत नाही. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांचा एलायझा नावाचा प्रोग्रॅम आपलंच वाक्य प्रश्न करून परत फेकायचा. त्यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळाने त्यांनाच म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? तो कसा बनलाय हे तिने महिनोन्महिने पाहिलेलं होतं.

---

शिरस्तेदार

मी माणूस आहे. हयात मंत्रालयात टिपण्या लिहिण्यात गेली, मुद्दे घातल्याशिवाय लिहिता येत नाही. नातवाने हे संकेतस्थळ लावून दिले आहे.

आपण सर्व ज्याला नवीन समजत आहात ते आम्ही फायलीवर अनुभवले आहे. वरच्या मजल्यावरील कित्येक अधिकाऱ्यांना मी कधी पाहिले नाही, परंतु शेऱ्यावरून ओळखत असे. 'चर्चा करावी' लिहिणारा निर्णय टाळणारा. 'नियम दाखवावा' लिहिणारा नवीन आलेला, किंवा पूर्वी कधी पोळलेला. नुसते 'पाहिले' आणि सही, तो बदलीच्या वाटेवर. एक अधिकारी हिरव्या शाईने समासात प्रश्नचिन्ह काढीत, शब्द नाही. आम्ही त्यांना फार टरकून असू. ते अपंग मुलांच्या शिष्यवृत्तीच्या फायली दाबून ठेवतात अशी वदंता होती. त्यांच्या निवृत्तीनंतर जुनी प्रकरणे चाळताना दिसले की प्रश्नचिन्ह असलेल्या प्रत्येक फायलीत रक्कम वाढवून मंजूर झाली होती. खालून आलेली रक्कम एवढी कमी का, असा तो प्रश्न असे. आम्ही कोणी विचारायला गेलो नाही.

चौथी सीट यांच्या सभासदाविषयी : ते 'मान्य.' असे लिहीत असल्यास ते शासकीय सेवेत होते काय, याची खातरजमा करावी.

---

खडूसिंग

शिरस्तेदार, बसा. हिरवी शाई एआयला सुचत नाही. त्या शेऱ्यांवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

---

रंगीत खडू

'चर्चा करावी'. आमच्या मॅनेजरचा ईमेल आत्ताच हाच आलाय, इंग्रजीत.